वाकलेली तबकडी

जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास वृषभाच्या शिंगाचं टोक जवळजवळ डोक्यावर येतं. आकाशगंगेच्या केंद्राची बरोबर उलटी बाजू तिथेच, सारथीच्या हद्दीवर आहे. मला तिथले तारे हवे होते, पण गच्चीवर जायची गरज नव्हती. युरोपच्या गाया या अवकाश दुर्बिणीने ते आधीच मोजून ठेवले आहेत आणि तो साठा इंटरनेटवर फुकट खुला आहे. शिफारसपत्र लागत नाही. एसक्यूएलसारख्या भाषेत प्रश्न लिहायचा आणि वाट पाहायची.

मी राक्षसी तारे मागितले, कारण लांबून दिसतात ते हेच. फाइल उघडली तर काही ताऱ्यांचं लंबन चक्क उणे. लंबन जितकं कमी तितका तारा दूर. मग उणे म्हणजे अनंताच्याही पलीकडे? तसं काही नसतं. मोजमापातली चूक खऱ्या आकड्याहून मोठी झाली, एवढाच त्याचा अर्थ. तशा ओळी आणि चुकीचं प्रमाण जास्त असलेल्या इतर ओळी काढून टाकल्या. निवडणं, चाळणं, पाखडणं यातच निम्मी रात्र गेली.

पुढचा हिशेब शाळकरी. ताऱ्याची वर्षभरातली सरक घ्यायची, अंतराने गुणायचं, मग ४.७४ ने, वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये मिळतो. सरक किती म्हणाल, तर १६ हजार प्रकाशवर्षांवरचा तारा सेकंदाला ५ किलोमीटरने आकाशगंगेच्या तबकडीतून वर चालला असेल, तर मुंबईतून पाहताना दिल्लीतली वस्तू वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर हलावी, इतकी.

केंद्रापासूनच्या अंतरानुसार या वर-खाली वेगाचा पहिला आलेख आला आणि सगळे तारे खाली निघालेले. पाऊण तास डोकं खाजवल्यावर उमगलं: सूर्य स्वतःच सेकंदाला सुमारे ७ किलोमीटरने वर चालला आहे आणि तो वेग मी मिळवलाच नव्हता. चालत्या गाडीतून झाडं मागे पळताना पाहिल्यासारखं.

तो मिळवल्यावर रेघ जागेवर आली. सूर्याच्या आसपास जवळपास शून्य, बाहेर जाऊ तशी चढत जाणारी. संशोधकांच्या हिशेबात केंद्रापासून २६ हजार प्रकाशवर्षांपासून ४५ हजारांपर्यंत हा चढ सेकंदाला ५ ते ६ किलोमीटरचा आहे.

याचं कारण, आकाशगंगेची तबकडी एका काठाला वर, समोरच्या काठाला खाली वळलेली आहे. उन्हात राहिलेली ग्रामोफोनची तबकडी आठवावी, मात्र तिथे बाक तबकडीबरोबरच फिरतो. इथे तारे बाकातून धावत जातात. माझ्या दिशेला तबकडी जवळपास सपाटच आहे, तरी वेग मात्र तिथेच सर्वांत जास्त. झोपाळाही मधून जाताना सर्वांत जोरात असतो.

बाक स्वतः फिरतो का, यावर एकमत नाही. तूरिनच्या एलोइझा पोज्जो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १.२ कोटी राक्षसी तारे वापरून एका फेरीला ६० ते ७० कोटी वर्षं असा हिशेब मांडला. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी सेफीड तारे घेतले, तर फिरणं बरंच संथ आणि उलट्या दिशेने निघालं. मला सेफीडांचा हिशेब जास्त पटतो. त्यांची अंतरं लंबनावर टांगलेली नसतात.

गाया २७ मार्च २०२५ ला कायमची बंद केली. मी वापरलेली मोजमापं ३४ महिन्यांची होती. डिसेंबर २०२६ मध्ये यायच्या साठ्यात ६६ महिन्यांची असतील.