कामावर जाणारी आई आणि बाळाचे दूध

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात साडेचार महिन्यांचे बाळ घेऊन आई आणि आजी येतात. बाळाला चार दिवसांपासून जुलाब होत असतात आणि महिनाभरात वजन जवळपास वाढलेले नसते. चौकशी केली की हकीकत बहुधा सारखीच निघते. आईची रजा संपत आलेली असते. ‘आतापासून सवय व्हायला हवी’ म्हणून पंधरा दिवस आधीच बाटलीने वरचे दूध सुरू झालेले असते. पोट भरलेले बाळ अंगावर कमी पिते, म्हणून बाटल्या वाढतात. मग आजी सांगते, “डॉक्टर, हिला आता दूधच येत नाही हो.” आई मान खाली घालून बसलेली असते. नोकरीवर जाणार म्हणून आपणच बाळाचे तोंडचे दूध तोडले, असे तिला वाटत असते.

ही वेळ टाळता येते. त्यासाठी दूध कसे तयार होते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. स्तनात दूध साठून राहिले तर निर्मिती मंदावते. स्तन रिकामे होत राहिले तर ती चालू राहते. म्हणजे बाळ जितके पिईल किंवा आई जितके काढेल, तितके दूध बनते. प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते, म्हणून दिवसभर बाहेर असणाऱ्या आईने रात्रीचे पाजणे बंद करू नये. काळजी, दुखणे, घाई यांनी ऑक्सिटोसिनचे काम अडते. दूध असूनही ते उतरत नाही आणि ‘आटले’ असा समज होतो.

रजेचा हिशेब

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे, पाणीही नाही, या सल्ल्याशी ती वरकरणी जुळते. पण या २६ आठवड्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ती तशी घेतली तर बाळासाठी १८ आठवडे उरतात आणि आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. प्रकृती ठीक असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने शेवटपर्यंत काम करून रजा नंतरसाठी राखता येते. रक्तदाब, रक्तक्षय किंवा अन्य जोखीम असल्यास मात्र हा हिशेब करू नये. तेव्हा विश्रांतीच महत्त्वाची.

कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दोन विश्रामवेळा मिळाव्यात, अशीही तरतूद आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाता यावे. रजेवर जातानाच याबाबत लेखी विचारून ठेवले तर परतल्यावर धावपळ होत नाही.

दूध काढणे आणि ठेवणे

कामावर जाण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी सवय करायची ती आईने, दूध हाताने काढण्याची. हात साबणाने धुवावेत. उकळून घेतलेली रुंद तोंडाची वाटी किंवा पातेले घ्यावे. अंगठा वर आणि बोटे खाली, असा हात स्तनाग्रामागे, काळसर भागाच्या कडेशी ठेवावा. आधी छातीच्या दिशेने हलके दाबावे, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. बोटे कातडीवर घासू नयेत. बाजू बदलत दोन्हीकडचे मिळून वीस-तीस मिनिटे लागतात. सुरुवातीला चमचाभरच निघाले तरी निराश होऊ नये. सवयीने प्रमाण वाढते. पंप वापरायचा तर त्याचा दुधाला लागणारा प्रत्येक भाग दरवेळी स्वच्छ व्हायला हवा.

काढलेले दूध झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे. साधारण २५ अंश तापमानाला ते चार तास चांगले राहते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एवढा भरवसा धरू नये. फ्रिजमध्ये ते अधिक टिकते, पण वीज जाते, दार सारखे उघडते, म्हणून २४ तासांत वापरावे. दूध उकळू नये. भांडे कोमट पाण्यात धरून ते कोमट करावे. साय वर येते, ती हलवून एकजीव करावी. उरलेले उष्टे दूध पुन्हा ठेवू नये. पाजताना बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीच्या काळातले बोंडले बरे. ते धुणे सोपे असते आणि बाळाला अंगावर पिण्याचा विसर पडत नाही.

काढून ठेवलेले दूध बाळाला बाधते, अशी अनेक घरांत भीती असते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. अशा पेढ्यांत मातांनी काढून दिलेले दूध निर्जंतुक करून गोठवतात आणि कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. इतक्या नाजूक बाळांना जे मानवते, ते घरच्या धडधाकट बाळाला नीट काळजी घेतल्यास बाधण्याचे कारण नाही. उन्हातून आलेल्या आईचे दूध ‘गरम’ होते, ते आधी पिळून टाकावे, हाही गैरसमज आहे. आईने घरी येऊन हातपाय धुवावेत, पाणी प्यावे आणि बाळाला घ्यावे.

कामाच्या ठिकाणीही साधारण दर तीन तासांनी दूध काढावे. ते थंड ठेवण्याची सोय नसेल तर टाकून द्यावे लागेल, तरी काढणे सोडू नये. नाहीतर स्तन दाटतात, दुखतात आणि पुढचे दूध कमी होते. गाठ, लाली, ताप आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. त्या बाजूने पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.

यासाठी आडोसा लागतो. रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या हिरकणीचे नाव राज्यातल्या स्तनपान कक्षांना दिले आहे. दूध विकायला गडावर गेलेली हिरकणी कामावरचीच आई होती. एक खुर्ची, पडदा, आतून लागणारी कडी आणि हात धुण्याची सोय एवढी जागा कोणत्याही कार्यालयाला काढता येते.

ज्यांना रजाच नसते

घरकाम करणाऱ्या, बांधकामावरच्या, शेतमजूर स्त्रियांपर्यंत हा कायदा पोहोचत नाही. ऊसतोडणीच्या बाईला खाडा परवडत नाही. ओली बाळंतीण फडात उतरते. तिचे बाळ जवळच झोळीत असते, म्हणून तिला दूध काढण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी पाजण्याची उसंत हवी. झोळी सावलीत हवी आणि आईला प्यायला स्वच्छ पाणी हवे. सिझेरियन झालेल्या आईने निदान सहा आठवडे जड ओझे उचलू नये. प्रसूतीनंतर सहा महिने लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. स्थलांतर करताना त्या मागून घ्याव्यात.

दूध पुरते का, याची खूण सोपी आहे. फक्त अंगावर पिणारे बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे.

सुरुवातीच्या बाळाला जलसंजीवनी आणि १४ दिवस झिंक देतात. बाटली बंद करून त्याला वारंवार छातीशी लावायला सांगतात. वरचे दूध लगेच तोडता येत नाही; ते वाटी-चमच्याने देऊन हळूहळू कमी करतात आणि वजनावर लक्ष ठेवतात. बहुतेक आयांचे दूध पुन्हा वाढू लागते. मात्र त्या पंधरवड्यात तिला घरातल्या इतर कामांतून मोकळे ठेवावे लागते. ते काम नवऱ्याचे आणि आजीचे असते, म्हणून हा सल्ला त्या दोघांच्या समोर द्यायचा असतो.