अंगठा कुठं लावताय, बायांनो?

आपल्याकडं पूर्वी अंगठा लावणं कमीपणाचं वाटायचं. साक्षरतेच्या वर्गात म्हाताऱ्या बायासुद्धा पाटी घेऊन बसल्या, त्या बँकेत आणि तलाठ्यापुढं स्वतःची सही करता यावी म्हणून. आता काळ असा फिरला, की शिकलेल्याला नि न शिकलेल्याला अंगठा सारखाच लावावा लागतो. रेशनला अंगठा, सिमकार्डाला अंगठा, पैसे काढायला अंगठा. फरक एवढाच, की शाईचा अंगठा कागदावर दिसायचा आणि कशाखाली लावला ते कुणाकडून तरी वाचून घेता यायचं. काचेवरचा अंगठा कशाखाली लागला ते आपल्याला दिसत नाही.

याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि ते एका आदिवासी बाईच्या हातात पडलं. तेव्हा ते ओळखपत्र होतं. पुढं तीच ओळख किल्लीही झाली.

म्हणजे कसं, ते नीट ऐका. मशीनवर बोट ठेवलं की तुमचा आधार नंबर आणि ठसा आधारच्या यंत्रणेकडं जातो. काम नुसतं ओळख पटवायचं असेल, तर तिकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. ई-केवायसी असेल, तर तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो समोरच्याकडं जातो. आणि ते पैसे काढायचं मशीन असेल, तर बँकेतून पैसे निघतात. तिथं ओटीपी नाही, पिन नाही. काच तीच, बोट तेच, आणि कामं तीन. म्हणून बोट पुढं करायच्या आधी विचारायचं, ‘दादा, हा अंगठा कशासाठी?’ ‘लागला नाही, परत लावा’ असं म्हटलं तर आधी मशीनवर काय आलं ते वाचून दाखवा म्हणायचं. पावती मागायची. पासबुक भरून आणायला कंटाळायचं नाही.

आता कुणी म्हणेल, माझं बोट माझ्याजवळच आहे, ते कोण चोरणार? तर ऐका. २०१८ साली आपल्या शेजारच्या तेलंगणात एका सिमकार्ड विकणाऱ्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या खरेदीखतांवरचे अंगठे उचलले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नावानं सिमकार्डं सुरू केली. जमिनीच्या कागदावरचा अंगठा! एटीएमचा पिन बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? पण त्याला कुलूप लावता येतं. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर आपले ठसे ‘लॉक’ करता येतात. रेशनला जायच्या दिवशी उघडायचे, काम झालं की परत बंद. गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठं कुठं वापरलं, तेही तिथंच दिसतं. आणि खात्यातून न सांगता पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेत लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक आपली नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर तो तोटा आपल्या माथी येत नाही. म्हणून उशीर करू नका.

उलटंही होतं. खुरपणी आणि सोयाबीनची काढणी करून बोटाच्या रेषाच झिजतात, मशीन ओळखतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालात नोंद आहे, की नुसता ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा हक्क बुडू नये. रेशनच्या ई-केवायसीला आता चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. तेव्हा ‘मशीन घेईना’ एवढ्यावर रिकामी पिशवी घेऊन घरी येऊ नका.

त्याच निकालानं आणखी सांगितलं: सरकारी योजनेला आधार मागता येतं, पण बँक खातं उघडायला किंवा सिमकार्डाला सक्ती करता येत नाही, आणि आधार नाही म्हणून लेकराला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. शाळेतून ‘अपार’ नंबरासाठी कागद येतो, तोही आपल्या संमतीचा कागद आहे. वाचून घ्या, मगच सही करा. या सगळ्याच्या मुळाशी २०१७ चा निकाल आहे. आपली खासगी माहिती आपली राहणं हा मूलभूत हक्क आहे, असं न्यायालयानं तेव्हा एकमतानं म्हटलं.

आता लाडक्या बहिणीचं. महिन्याचे १५०० रुपये चालू राहावेत म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपीही मागितला. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासायचं म्हणून. पण विधवा बाईनं कुणाचा ओटीपी आणायचा? ओरड झाली, मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि नवरा किंवा वडील हयात नसतील अथवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश द्यायची सोय झाली. ठीक झालं. पण आपल्या गावागावांत नवऱ्यानं टाकलेल्या बाया आहेत, ज्या कोर्टाची पायरी कधी चढल्याच नाहीत. त्यांच्याकडं ना दाखला, ना आदेश. दहा वर्षं तोंड न दाखवलेल्या माणसाच्या मोबाईलवर या बाईच्या हक्काचा ओटीपी यावा, ही रचना करणाऱ्यानं बाईचं घर बघितलेलं नाही, असंच मला वाटतं.

आणि आपल्या स्वतःच्या ओटीपीचं तरी काय? निलंगा राईसच्या गाड्यावर क्यूआर लागला, भाजीवालीपुढंही लागला, पण भाजीवालीच्या क्यूआरचे पैसे कुणाच्या मोबाईलवर वाजतात? बहुतेक वेळा पोराच्या. आधारलाही नंबर नवऱ्याचा नाही तर दिराचा असतो. मग ठसे लॉक करायचे तरी त्यालाच विचारायचं. तेव्हा आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याला जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही, नवऱ्याची सहीही लागत नाही. तुम्ही स्वतः जायचं आणि आपला अंगठा द्यायचा. काही अडलं तर आधारचा मदतीचा नंबर आहे १९४७, फोन फुकट आहे.