सपोर्ट संपलेला लॅपटॉप

विंडोज १० या प्रणालीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २९ जुलै २०१५ला बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली. घरांत, दुकानांत, कारखान्यांच्या कचेऱ्यांत ती इतकी मुरली की ही तारीख कधी उलटून गेली, हे सहज लक्षात येण्यासारखे नव्हते. लॅपटॉप पूर्वीसारखाच सुरू होतो, टॅली उघडते, छपाई होते. थांबली ती फक्त दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी सुरक्षेची मोफत दुरुस्ती.

प्रणालीत कोट्यवधी ओळींचा कोड असतो. त्यात चुका राहतात आणि त्या वर्षानुवर्षे सापडत राहतात. विंडोज १० आणि ११ यांचा पाया बराचसा एकच असल्याने धोका उलट वाढतो. ११साठी दुरुस्ती निघाली की भोक नेमके कुठे होते ते चोरांनाही कळते, आणि १०मध्ये ते उघडेच राहिलेले असू शकते. २०१७मध्ये याचा वानवळा मिळाला. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक मोठे भोक बुजवणारी दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने गाठले. आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यात अडकले. २७ जूनला नॉटपेट्या आला. इतर युक्त्यांबरोबर तेच भोक वापरून तो पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्याच्या तडाख्यात सापडली आणि न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरात तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम कोलमडले. दुरुस्ती निघालेली असताना ही गत झाली. सपोर्ट संपल्यावर तर ती सहसा निघतच नाही. अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त राहणे बरोबर नाही. तो ओळखीचा चोर पकडतो, भोक बुजवत नाही.

दुसरी अडचण हळूहळू येते. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालेनाशा झाल्या. ब्राउझर जुना राहिला की बँकेच्या आणि कराच्या संकेतस्थळांवर अडथळे सुरू होतात. विंडोज १०ची वाट याहून वेगळी असण्याचे कारण नाही.

मग विंडोज ११ टाकावी, तर ती प्रत्येक लॅपटॉपवर बसत नाही. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही अट बहुतेक यंत्रे पुरी करतात. घोडे अडते ते प्रोसेसर आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपपाशी. इंटेलचा कोअर प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. पिढी नावातच असते: आय-५ ७२००यू हा सातव्या पिढीचा, आय-५ ८२५०यू आठव्या. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात थिंकपॅड टी४७० आणि टी४८० शेजारीशेजारी मांडलेले असतात. दिसायला सख्खे भाऊ. पण पहिल्यात सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो, दुसऱ्यात बहुधा आठव्याचा, आणि रेषा साधारण त्यांच्यामधून जाते. ही रेषा पूर्णपणे तांत्रिक आहे असे मानणे कठीण आहे. सातव्या पिढीतल्या एका प्रोसेसरला मायक्रोसॉफ्टने सूट दिली, आणि तो कंपनीच्याच सरफेस स्टुडिओ २मध्ये होता.

टीपीएमची गोष्ट वेगळी. ही सोय अनेक यंत्रांत असते, पण बंद करून ठेवलेली. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या यंत्रात पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम सुरू केले की, प्रोसेसर पात्र असेल तर, तेच यंत्र चाचणीत उत्तीर्ण होते. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन निकाल सांगते. लॅपटॉप अपात्र आहे असे दुकानदाराच्या तोंडून ऐकण्याआधी ही तपासणी करावी. अटींना बगल देऊन ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढची दुरुस्ती मिळेलच याची हमी कंपनी देत नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच बेभरवशाचे राहते.

काय करायचे हे लॅपटॉपच्या वयापेक्षा त्याच्या कामावर ठरते. छत्तीसगडमधल्या रायपूरला लागून असलेले बीरगांव घ्या. शेजारी उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत, स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. अशा ठिकाणी धरमकाट्यावरचा संगणक बहुधा एकच काम करतो: काट्याच्या इंडिकेटरकडून आरएस-२३२ या जुन्या केबलवरून आलेले वजन घ्यायचे आणि पावती छापायची. नव्या लॅपटॉपला ती केबल जोडायला जागाच नसते, आणि वजनाचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असेही नाही. असे यंत्र इंटरनेटपासून तोडले, वायफाय बंद केले आणि कुणाचाही पेनड्राइव्ह त्यात खुपसू दिला नाही, तर ते जुन्या प्रणालीवर खुशाल चालू द्यावे. त्याच कारखान्याच्या हिशेबनिसाचा लॅपटॉप मात्र दिवसभर नेटवर असतो. ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, बँक, डिजिटल सहीचे टोकन, सगळे त्याच्यावर. तिथे चालढकल नको.

छत्तीसगड सरकारने २०१३-१४च्या सुमारास युवा सूचना क्रांती योजनेतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि टॅबलेट वाटले. इंटेलची आठवी पिढी २०१७मध्ये आली. तेव्हा त्या वाटपातले जे लॅपटॉप अजून धडधाकट असतील, त्यांच्यासाठी ११चा दरवाजा बंदच.

पैसे खर्च करण्याआधी यंत्र मुळात संथ का झाले ते पाहावे. २०१७-१८च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की फरक लगेच जाणवतो. रॅम ४ जीबीवरून ८ केल्याचा फायदा त्यानंतरचा. कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक कारण सापडते. खालचे झाकण उघडले तर पंख्याच्या पात्यांवर काळ्या धुळीचा थर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर नमद्यासारखा गठ्ठा बसलेला असतो. यंत्र तापते, आणि तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. ब्रशने सफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यावर भागत असेल तर नव्या लॅपटॉपची घाई कशाला? अर्थात सफाईने सपोर्ट परत येत नाही; ११साठी पात्र असलेल्या यंत्रावरच एसएसडीचा खर्च खऱ्या अर्थाने वसूल होतो.

अपात्र यंत्रासाठी थोडी मुदत मिळते. मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू योजनेत घरगुती वापराच्या विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेची दुरुस्ती मिळते. त्यासाठी प्रणालीची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्ज क्लाउडवर साठवू दिल्या तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलरच्या आसपास शुल्क आहे. संस्थांना तीन वर्षांपर्यंत मुदत विकत घेता येते, पण दर दरवर्षी दुप्पट होतो.

लिनक्स हा दुसरा मार्ग. लिनक्स मिंट किंवा उबुंटू दहा वर्षांच्या लॅपटॉपवरही बरी चालते, मोफत असते आणि तिला नियमित दुरुस्ती मिळते. सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्स तर मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी घडवलेली आहे. ब्राउझर, पत्रे, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ पाहणे एवढेच काम असेल तर ही निवड उत्तम. टॅलीवर पोट असेल तर नाही. डीटीपीवाल्यांचीही पंचाईत होते: मराठीचे श्रीलिपी सॉफ्टवेअर विंडोजचे, आणि कृतिदेव फाँटमधल्या जुन्या हिंदी फाइली युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय पुढे नेण्यात अर्थ नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवता चालवून पाहता येते. प्रिंटर आणि वायफाय ओळखले जातात का, हे त्यात आधीच कळते.

नवे घ्यायचेच ठरले तर रिफर्बिश्ड लॅपटॉपही चालतो, मात्र प्रोसेसरचा क्रमांक स्वतः वाचून घ्यावा. ‘आय-७ आहे’ एवढ्या सांगण्याला किंमत नाही. सहाव्या पिढीचा आय-७ अपात्र आणि आठव्या पिढीचा आय-३ पात्र असतो.

जुना लॅपटॉप भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकण्याआधी त्यातला डेटा पुसावा. फाइली डिलीट करून त्या जात नाहीत. रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा लागतो, किंवा डिस्क काढून घरी ठेवावी. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू वा टोचू नये, लिथियम पेट घेते. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे कंपनीच्या ग्राहक सेवेकडे जवळच्या संकलन केंद्राचा पत्ता मागता येतो.