शक्तिवाहक स्क्रू : पोलादाची निवड व आटे कापणी

फिरत्या गतीचे सरळ रेषेतील गतीत रूपांतर करून मोठा भार उचलणाऱ्या, दाबणाऱ्या किंवा आवळणाऱ्या जाड आट्यांच्या दांड्यास शक्तिवाहक स्क्रू म्हणतात. शेगडा, स्क्रू जॅक, हातदाबयंत्र, पाटाचे लहान दरवाजे इत्यादींमध्ये तो वापरतात. बोल्ट एकदा आवळला की स्थिर राहतो. शक्तिवाहक स्क्रू मात्र भाराखाली वारंवार फिरतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत बळकटीइतकाच झिजेचा व घर्षणाचा विचार करावा लागतो. लहान लेथ असलेल्या घरगुती कर्मशाळेत असा स्क्रू तयार करता येतो. तथापि तो भाराखाली निकामी झाल्यास अपघात होत असल्याने त्याचे पोलाद व मापे अंदाजाने ठरविणे धोक्याचे असते.

पार्श्वभूमी : सु. १८०० मध्ये हेन्री मॉडस्ले यांनी लंडन येथे आटे कापण्याच्या लेथचा विकास केला व १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांच्या प्रमाणीकरणाची पद्धत मांडली. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. याच उद्योगसमूहाची लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये हरिहर येथे स्थापन झाली. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ येथे यंत्र हत्यारांच्या आद्य नमुन्यांचा सरकारी कारखाना १९५३ मध्ये निघाला. २०२१ पासून तो आर्मर्ड व्हेइकल्स निगमाकडे आहे. 

आट्यांचा आकार : साध्या स्क्रूचे ६० अंशांचे त्रिकोणी आटे भार वाहताना पाचरीप्रमाणे नट बाहेर फाकवितात व घर्षणही वाढवितात. चौकोनी आट्यांत घर्षण सर्वांत कमी असते. परंतु ते कापणे अवघड असून त्यांचे मूळ अरुंद असते. या दोहोंचा सुवर्णमध्य म्हणजे ३० अंश कोनाचे समलंबी आटे होत. भार सतत एकाच दिशेने येणार असल्यास एक बाजू जवळजवळ उभी व दुसरी तिरपी असलेले करवती आटे उपयुक्त ठरतात.

आकडेमोड : २,००० किग्रॅ. भार उचलणाऱ्या जॅकसाठी ३६ मिमी. व्यासाचा व ६ मिमी. अंतरालाचा (लगतच्या दोन आट्यांतील अंतराचा) समलंबी स्क्रू घेतल्यास आट्यांच्या तळाशी गाभ्याचा व्यास २९ मिमी. व क्षेत्रफळ सु. ६६० चौ. मिमी. राहते. गाभ्यावरील सरळ दाब प्रत्येक चौ. मिमी.ला सु. ३ किग्रॅ. इतकाच होतो. मध्यम कार्बनी पोलाद याच्या सु. नऊपट दाबापर्यंत कायमचे विरूप होत नाही. घर्षणांक ०.१५ धरल्यास कार्यक्षमता सु. २७ टक्के येते, म्हणजे सु. तीनचतुर्थांश श्रम घर्षणात खर्च होतात. या घर्षणामुळेच हात सोडल्यावर भार आपोआप खाली येत नाही. खरी मर्यादा नटाच्या आट्यांवरील दाबाची असते. कासे वापरून तो प्रत्येक चौ. मिमी.ला १ किग्रॅ.च्या आत ठेवावयाचा, तर भार सु. साडेसहा आट्यांवर विभागावा लागतो व नटाची उंची निदान ४० मिमी. ठेवावी लागते. यावरून महागड्या मिश्रपोलादापेक्षा नटाचे द्रव्य व त्याची उंची यांना अधिक महत्त्व आहे, हे स्पष्ट होते.

पोलादाची निवड : मृदू पोलाद स्वस्त असले, तरी कापताना त्याचा पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा होतो व असा खरखरीत आटा नट लवकर झिजवितो. गंधकयुक्त सुकर्तनी पोलाद स्वच्छ कापले जाते. परंतु धक्के सोसण्याची त्याची क्षमता कमी असते. बहुतेक कामांस ०.३५ ते ०.४५ टक्के कार्बन असलेले, सामान्यीकरण केलेले पोलाद योग्य ठरते. बाजारात ते ईएन ८ या नावाने मिळते. हे नाव १९४१ च्या ब्रिटिश मानकातून आलेले आहे. निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेले ईएन २४ अधिक बळकट असते. परंतु कठिनीकरण केलेल्या स्थितीत ते लहान लेथवर कापणे जड जाते. आटे पाडल्यावर कठिनीकरण केल्यास लांब दांडा वाकतो व अंतरालही बदलतो.

कल्याण–कसारा लोहमार्गावरील खडवलीसारख्या गावातील कारागिरास नवे पोलाद कळंबोलीच्या बाजारातून व हत्यारे मुंबईच्या नागदेवी भागातून आणता येतात. दारूखान्यातील भंगार स्वस्त पडते. परंतु त्याची जात अज्ञात असते. जुन्या आसात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात व पिळाच्या सळईचा दर्जा एकसारखा नसतो. सहाणेवर धरल्यास मृदू पोलादाच्या ठिणग्या लांब व विरळ पडतात आणि कार्बन वाढेल तसे त्यांना दाट फाटे फुटतात. या परीक्षेने कार्बनाचा स्थूल अंदाज येतो, भेगांचा नव्हे. म्हणून भार उचलणाऱ्या स्क्रूसाठी भंगार वापरू नये. तसेच ईएन ८ च्या दांड्यास मूठ सांधताना तो आधी तापविला नाही, तर सांध्यालगत भेगा पडतात. त्याऐवजी चौकोनी टोक किंवा आरपार खीळ इष्ट असते.

कापणी : एका फेऱ्यात हत्यार ६ मिमी. सरकत असल्याने लेथ अगदी मंद गतीने चालवितात. लेथच्या मुख्य स्क्रूस इंचाला चार आटे असल्यास त्याचा अंतराल ६.३५ मिमी. असतो, ६ मिमी. अंतरालासाठी चालक चक्रास १२० व चालित चक्रास १२७ दाते ठेवतात. अशा वेळी अर्धनट मध्येच उघडल्यास पुढील काप जुन्या खाचेत बसत नाही. म्हणून हत्यार मागे घेऊन लेथ उलटा फिरवितात. एक अश्वशक्तीच्या लेथवर पूर्ण रुंदीचा काप घेतल्यास हत्यार थरथरते. त्याकरिता प्रथम अरुंद हत्याराने ३.५ मिमी. खोल खाच पाडतात, नंतर दोन्ही बाजू क्रमाने कापतात व शेवटी आकार दिलेल्या हत्याराने सु. ०.०५ मिमी.चे काप घेतात. आट्याच्या तिरपेपणामुळे (येथे सु. ३.३ अंश) हत्याराच्या पुढील कडेस तेवढी अधिक मोकळीक द्यावी लागते. तळाचे कोपरे किंचित गोल ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यापासून भेग सुरू होते. लांब दांड्यास फिरता आधार देतात व गंधकयुक्त तेल वापरतात.

नट व वापर : पोलादाच्या स्क्रूस पोलादाचाच नट लावल्यास दाबाखाली दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस चिकटून ओरखडतात. म्हणून गनमेटल, फॉस्फर कासे किंवा हलक्या कामास बीड वापरतात. नट मऊ व बदलता येण्याजोगा ठेवल्याने झीज स्वस्त भागावर जाते. कोकणच्या पावसाळ्यात गंज आटे खरखरीत करतो. यासाठी स्क्रूवर ग्रीजचा थर ठेवणे आवश्यक असते. तयार जॅकची चाचणी भार टप्प्याटप्प्याने वाढवून घेतात. चाचणीच्या वेळी व पुढेही भाराखाली भक्कम ठोकळे ठेवतात. केवळ स्क्रूच्या आधाराने तोललेल्या भाराखाली कोणीही जाऊ नये.