होडी तपासली, तांडेलाचा तोल तपासला का?

१ जून ते ३१ जुलै बंदी. ट्रॉलर जेटीला लागले की आपण इंजिन उघडतो, जाळी सांधतो, रंग काढतो. पण चाळीस वर्षं डेकवर उभ्या राहिलेल्या आपल्या बाबांचे पाय कोण तपासतो?

"मला काय शिकवता, दर्यावर जन्म गेला!" हे उत्तर आम्हीही घरोघरी ऐकतो. पण तोल फक्त सवयीवर टिकत नाही. डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायांचे तळवे-सांधे, या तिघांकडून मेंदूला खबर जाते आणि मग स्नायू शरीर सावरतात. वय वाढलं की कानातल्या संवेदनापेशी कमी होतात, मोतीबिंदू येतो, पायातली ताकद उतरते. मधुमेह असेल तर तळवे बधिर होऊ शकतात. दिवसा डोळे बाकीच्यांची उणीव भरून काढतात, म्हणून कळत नाही. पहाटेच्या काळोखात, शेवाळलेल्या जेटीवरून होडीत पाय टाकताना मात्र कळतं.

घरीच बघा. भिंतीजवळ, डोळे उघडे, बाजूला एक माणूस हवाच. प्रत्येक वेळी १० सेकंद उभं राहायचं:

१. दोन्ही पाय जुळवून.
२. एक पाय अर्धा पुढे सरकवून.
३. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत.
४. एका पायावर.

तिसरं १० सेकंद जमलं नाही तर पडण्याचा धोका जास्त. डॉक्टरांना दाखवा. चौथं जमलं नाही तर लाजू नका. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांपैकी पाचातल्या साधारण एकाला ते जमलं नव्हतं.

उपाय आहेत. हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस करा, भिंतीला धरून टाचेला बोटं लावत चाला. डोळे आणि साखर तपासून घ्या. प्रेशरच्या, झोपेच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळ्या आपणहून बंद करू नका. अचानक तोल गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.

होडीमालकांनो, चढायच्या जागी दिवा आणि धरायला दोर लावाच. लाइफ जॅकेट नुसतं टांगून ठेवू नका.

जुलैअखेर पुन्हा मोजा. मग नारळ वाहून खुशाल दर्यात चला!