शंभराचे पाच वाटे

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे दुष्काळाने तहानलेल्या लातूरला पोहोचली. दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच दिवशी हवामान विभागाने मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर केला: दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के. मथळे या आकड्याचे झाले. मला मात्र त्याखालचा तक्ता जास्त मोलाचा वाटतो.

त्यात पाच खाने होते. अपुरा पाऊस १ टक्का, सरासरीपेक्षा कमी ५, सरासरीइतका ३०, सरासरीपेक्षा जास्त ३० आणि अतिरिक्त ३४. कुठलाही पावसाळा यातल्या एकाच खान्यात बसतो, एकाच वेळी दोन खान्यांत नाही. अशा घटना परस्पर अपवर्जी. आणि या पाचांबाहेर पावसाळ्याला जागाच उरत नाही, म्हणून त्या सर्वसमावेशकही. त्यामुळेच बेरीज नेमकी १०० भरते. निदान सरासरीइतका पाऊस होण्याची संभाव्यता ३० + ३० + ३४, म्हणजे ९४ टक्के. उलट बाजूने १०० मधून ६ वजा केले तरी तेच.

‘पडंल नाहीतर नाही पडणार, निम्मं-निम्मं’ असा हिशेब पारावर नेहमी ऐकू येतो. शक्यता दोनच आहेत, हे खरं. पण दोन वाटे म्हणजे सारखे वाटे नव्हेत. इथे ते ९४ आणि ६ होते.

दुसरी चूक बेरजेची. समजा, उद्या लातुरात पावसाची संभाव्यता ६० टक्के आणि नांदेडातही ६०. मग दोहोंपैकी कुठेतरी पडण्याची १२० टक्के? शेजारच्या या जिल्ह्यांत एकाच दिवशी पाऊस होऊ शकतो आणि तीच शक्यता आपण दोनदा मोजली. घटना एकमेकींना वगळत नसतील, तर नुसती बेरीज चालत नाही.

त्या वर्षी देशात ९७ टक्के पाऊस झाला, म्हणजे ‘सरासरीइतका’. सर्वांत मोठा वाटा ‘अतिरिक्त’चा होता, तरी अंदाज चुकला असं मी म्हणणार नाही. ३४ टक्क्यांच्या समोर ६६ उभेच होते. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरणही त्या पावसाळ्यात भरलं.

पण ते वाटे साऱ्या देशाचे, चार महिन्यांचे होते. आपल्या शिवाराचे नव्हते. म्हणून शेतकरी बांधवांनो, अंदाज आला की पाचही आकडे वाचा. आणि रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका.