हिऱ्याच्या निसण्यावर पाणी कीं तेल?

स्वयंपाकघरांतील सुरी बोथट झाली, ही कांहीं नभोवाणीवरून सांगण्यासारखी वार्ता नव्हे, असें आपणांस वाटेल. मलाहि तसेंच वाटत असे. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं टोमॅटो चिरतांना सुरी सालीवरून घसरली आणि ती माझ्या पत्नीच्या बोटांत शिरली. तीन टांके पडले. धारदार सुरी जेथें ठेवावी तेथें कापते; बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेली वस्तु सुटली म्हणजे कोठें जाईल याचा नेम नसतो. त्या दिवशीं खरा अपराधी मी होतों. कारण ती सुरी आदल्याच दिवशीं मीं स्वतः ‘धार लावून’ दिली होती.

अपराध कसा घडला तें सांगतों. आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरांत दगडी निसणा होता. त्यावर तेलाचे चार थेंब सोडावयाचे आणि सुरी फिरवावयाची, ही रीत मीं लहानपणीं पाहिली होती. पुढें तो दगड मध्यें झिजून खोलगट झाला, म्हणून मीं बाजारांतून हिऱ्याचा निसणा आणला, आणि जुन्या संवयीनें त्यावर खोबरेल तेल घालूं लागलों. पहिला महिना काम झकास चाललें. नंतर पट्टी हातास गुळगुळीत लागूं लागली. हिरे झडले, दुकानदारानें फसविलें, असें मीं घरांत जाहीर करून टाकलें! बोट कापल्यानंतर मात्र ती पट्टी फेंकून देण्यापूर्वीं एकदां गरम पाण्यानें, भांड्यांच्या साबणानें आणि जुन्या दांतांच्या ब्रशानें घासून पाहिली. तिच्यांतून शाईसारखा काळा चिकट मळ निघाला, आणि खालून पूर्वींचा खरखरीतपणा जसाच्या तसा वर आला. हिरे जागच्या जागीं होते. मीं त्यांना तेलांत गाडून ठेविलें होतें.

आतां हा निसणा म्हणजे काय, तें पाहूं. त्याला दगड म्हणण्याची चाल पडली आहे; पण दगड असा त्यांत नसतोच. पोलादाच्या सपाट पट्टीवर हिऱ्याची बारीक पूड पसरून ती निकेलच्या मुलाम्यानें घट्ट बसविलेली असते. हे हिरे अंगठींतले नव्हेत. १९५४ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत ट्रेसी हॉल यांनीं प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा तयार केला, व १९५५ सालीं ती वार्ता जाहीर झाली. तेव्हांपासून कारखान्यांत घडविलेल्या हिऱ्याची पूड उद्योगधंद्यांस मिळूं लागली, आणि आज ती आपल्या ओट्यापर्यंत आली आहे. ६०० क्रमांकाच्या पट्टीवरील कण सुमारें २५ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केंसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. त्यांतलाहि बराच भाग निकेलमध्यें रुतलेला. जें टोंक वर राहतें तेवढेंच पोलाद खरवडतें.

येथेंच सर्व मर्म आहे. टोंकें इतकीं लहान, म्हणून त्यांच्यामधील फटीहि तितक्याच उथळ. सुरी घासतांना निघणारा पोलादाचा कीस या फटींत बसतो. आपण किसणीवर गाजर किसतों. भोंकें किसानें भरलीं म्हणजे गाजर नुसतें सरकूं लागतें. तेव्हां किसणी बोथट झाली असें कोणी म्हणत नाहीं. ती उलटी करून झाडली कीं झालें. निसण्याचेंहि तसेंच आहे. त्यावर द्रव घालावयाचा तो मुख्यतः हा कीस उचलून तरंगता ठेवण्यासाठीं. घर्षण कमी करणें हा त्याचा हेतु नव्हेच. घर्षणच गेलें तर धार लागावी कशी?

कित्येकांस वाटतें कीं, द्रव हा पातें थंड ठेवण्यासाठीं असतो. विजेवर फिरणाऱ्या कोरड्या चाकापुरतें तें खरें आहे. तेथें धार क्षणांत तापून निळी पडते आणि लोहारानें दिलेलें पाणी उतरतें. परंतु हातानें संथपणें घासतांना ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां एकेक द्रव पारखूं. प्रथम कोरडें घासणें. एखाद-दुसरा हात मारावयाचा असेल तर तें चालतें. मात्र पट्टी लौकर भरते, आणि पोलादाची धूळ ओट्यावर व नाकांत जाते.

दुसरें, साधें पाणी. तें फुकट आहे, निरुपद्रवी आहे आणि बहुतेक पट्ट्यांस पुरेसें आहे. त्याचा दोष एवढाच कीं, पृष्ठताणामुळें तें पट्टीवर मण्यासारखें गोळा होतें. त्यावर उपाय तिसरा: पेलाभर पाण्यांत भांडीं घासण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब. साबणानें पाण्याचा ताण सुमारें निम्म्यावर येतो, पाणी सर्वत्र पसरतें, आणि कीस धरून ठेवतें. माझ्या मतें घरगुती कामास याहून सरस द्रव नाहीं.

चौथें, खाण्याचीं तेलें. शेंगदाण्याचें असो वा करडईचें, तेल हवेंत हळूहळू चिकट होतें आणि किसासह खळीसारखें वाळतें. खोबरेल तर सुमारें २४ अंशांखालीं थिजतें. म्हणजे थंडींत तें मेणच. शिवाय दाट तेलाचा थर पातें उचलून धरतो, आणि हिऱ्याचीं इवलीं टोंकें खालींच राहतात. दगडी निसण्याची गोष्ट निराळी. त्याच्या अंगांत छिद्रें असतात, तेल त्यांत मुरतें व कीस आंत जाऊं देत नाहीं. हिऱ्याच्या पट्टीस छिद्रेंच नाहींत, तर तेल मुरावें कोठें? वडिलांची रीत त्यांच्या दगडासाठीं योग्य होती. मीं ती दगड बदलल्यावरहि चालविली, हें चुकलें.

पांचवें, खनिज तेलें. शिवणयंत्राचें तेल पातळ असतें व चिकट होत नाहीं. तें चालेल, परंतु भाजीच्या सुरीस तें नको, आणि वापरलेंच तर पातें साबणानें नीट धुवावें. रॉकेल कीस उत्तम काढतें. पण त्याची घाण आणि आगीची भीति पाहतां स्वयंपाकघरांत त्याला थारा देऊं नये.

प्रत्यक्ष कृति अशी. पट्टीखालीं ओलें फडकें ठेवावें, म्हणजे ती सरकत नाहीं. पट्टीवर साबणाच्या पाण्याचा पातळ थर द्यावा. पाणी मणी न होतां पसरलें कीं बेत जमला. हलक्या हातानें घासावें. हिऱ्याला जोराची गरज नसते. उलट जास्त दाबलें तर कण निकेलमधून उपटले जातात. पाणी करडें झालें तर समजावें कीं काम होत आहे. काळें व दाट झालें कीं पुसून नवें घालावें. शेवटीं पट्टी वाहत्या पाण्याखालीं ब्रशानें धुवावी आणि लगेच कोरडी करावी. निकेल गंजत नाहीं, पण कडांपाशीं जेथें मुलामा उडाला असेल तेथें खालचें पोलाद गंजतें. लिंबू किंवा व्हिनेगर लावून ठेवूं नये. आम्ल निकेलला खातें.

विळीला धार लावतांना विळी हलवूं नये. ती पक्की धरून लहान पट्टी ओली करून पात्यावरून फिरवावी. बोटें धारेच्या मागें राहतील असें पाहावें.

आणि तेलाचें काय? त्याला मीं घराबाहेर काढलेलें नाहीं. विळीचें पातें साध्या पोलादाचें असलें तर पाण्याचा हात लागतांच तें गंजूं लागतें. म्हणून धार लावून, धुवून, पुसून झाल्यावर त्याच खोबरेलाचें एक बोट मी पात्यावरून फिरवितों. तेल तेंच, फक्त त्याची पाळी आधीं नव्हे, नंतर.

पत्नीच्या बोटावरील व्रण आतां फिका झाला आहे. सुरी मात्र हातीं घेण्यापूर्वीं ती अजून माझ्याकडे पाहते आणि विचारते, “पाणी कीं तेल?” मी “पाणी” म्हणतों, तेव्हांच टोमॅटो चिरला जातो.